अंतऱ्याचा उतार

मिरजगावच्या आमच्या बँडमध्ये क्लॅरिनेट मी वाजवायचो आणि अख्ख्या कर्जत तालुक्यात माझ्याइतका दमदार वाजवणारा दुसरा नव्हता. मीच सांगतोय म्हणून खोटं वाटत असेल, तर ज्यांच्या वरातीत मी वाजवलं त्यांना विचारा. माझं नाव शमशेर. नावाप्रमाणे सूरही धारदार, असं आमचे बँडमास्तर म्हणायचे आणि मला ते पटायचं.

नगरला एका नातेवाइकाच्या लग्नात मला हमिदा भेटली. वरात दारात पोचली होती आणि मी भिंतीला टेकून पाणी पीत होतो. रिकामा तांब्या परत घ्यायला एक मुलगी आली. ती कौतुक करणार, अशा तयारीने मी मान जरा ताठ केली.

"वाजवता लई झ्याक," ती म्हणाली. "पन परतेक गानं अर्ध्यात का टाकता?"

"अर्ध्यात? कोन म्हनतं?"

"मी म्हनते. वर चढता आन् तितंच सोडून देता. खाली उतरतच न्हाई. ऐकनाऱ्याचा जीव टांगनीला लागतो." एवढं बोलून ती तांब्या घेऊन निघून गेली.

मला असा राग आला की रात्रीचं जेवण गोड लागलं नाही. पण गावी परतताना एसटीत बसून आमची गाणी मनात वाजवून पाहिली आणि राग कुठच्या कुठे गेला. पोरगी खरं बोलली होती. वरातीचा रिवाजच तसा. चार घरं पुढे गेलं की कुणी सुवासिनी नवरदेवाला ओवाळायला तबक घेऊन येते. तबक दिसलं की मास्तर हात वर करतात आणि बँड थांबतो. ओवाळून झालं की नवं गाणं, पहिल्यापासून. गाण्याचा मुखडा वाजायचा, अंतरा वरच्या षड्जापर्यंत चढायचा, लोक नाचायला लागायचे आणि तेवढ्यात तबक यायचं. आमच्या बँडला ढीगभर गाण्यांचे मुखडे येत होते आणि एकाचाही शेवट येत नव्हता. गंमत म्हणजे हे आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं.

हमिदा कोल्हारच्या गनीभाईंची मुलगी निघाली. गनीभाई म्हणजे जुने सनईवाले. ते आणि त्यांचे भाऊ मेहताबभाई जोडीने वाजवायचे. मेहताबभाई खालचा सूर धरून ठेवायचे, गनीभाई त्यावर राग फुलवायचे. मेहताबभाई वारले आणि गनीभाईंनी सनई खुंटीला टांगली, ती कायमची. घरच्यांनी माझ्यासाठी मागणी घातली तेव्हा त्यांचा निरोप आला: मुलगा बँडवाला आहे, बँडवाल्याला वर चढता येतं, उतरता येत नाही. त्याने एक बंदिश माझ्यासमोर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून दाखवावी. नाही जमलं तर बाकीचं बोलणंच नको.

मी निरोप्याला म्हणालो, "सांगा त्यांना, येतोय."

म्हणालो खरा, पण शिकवणार कोण? ते दुष्काळाचं वर्ष होतं. लग्नं गुपचूप उरकली जात होती, बँडची पेटी बंद होती आणि आम्ही सगळे रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतो. माझ्या शेजारी आसारामअण्णा बसायचे. गावच्या भजनी मंडळात पेटी आणि तबला दोन्ही तेच सांभाळायचे, शिवाय नगरच्या एका गवयाकडे चार वर्षं राहून आलेले. त्यांना मी अडचण सांगितली. ते हसले.

"तू 'जेवलास का?' असं म्हन बरं."

"जेवलास का?"

"सूर कुटं ऱ्हायला?"

"वर."

"आता 'जेवलो' म्हन."

मी म्हणालो. सूर खाली येऊन बसला.

"झालं की मग! गान्याची पयली ओळ इचारती, दुसरी सांगती. तुजा बँड नुसता इचारीत हिंडतो गावभर. सांगायचं कुनी?"

मला हसू आलं आणि चीडही आली. आसारामअण्णांना माझ्या चिडण्याची पर्वा नव्हती. त्यांनी भूपातली एक साधी बंदिश घेतली आणि दुपारच्या सुट्टीत ओळीओळीने समजावली. स्थायीची पहिली ओळ पंचमावर थांबते, तिथे वाक्य पुरं होत नाही. दुसरी ओळ त्याला षड्जावर आणून बसवते. अंतरा वर चढतो, तिथे नवा सवाल टाकतो, मग पायरी पायरीने उतरून पुन्हा मुखड्याला हात घालतो. हे ऐकायला सोपं होतं. माझी खोड मात्र वेगळ्याच ठिकाणी होती. बँडमध्ये सगळं ढोलाच्या पहिल्या दणक्यावर सुरू होतं, म्हणून मी मुखडा तालाच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवरच सुरू करायचो आणि पुढे सगळी घडी विस्कटायची.

अण्णांनी माझ्या हातात हातोडा दिला. "फोड दगड. दनका बसला ती सम. पन हातोडा उचललास कवा?"

"आदी."

"मग गानं बी उचलन्यापासून सुरू हुतं, गड्या. सम ही पोचायची जागा हाय, निघायची न्हाई."

त्या दिवसापासून मी खडी फोडताना मनात मुखडा उचलायचो आणि दगडावर सम गाठायचो. मुकादमाला वाटायचं, हा इतका रमून काम कसं करतो! पाऊस पडून काम बंद झालं तोवर बंदिश माझ्या श्वासात बसली होती. शेवटपर्यंत, उतारासकट.

दिवाळीनंतर आम्ही दोघं कोल्हारला गेलो. अण्णांनी तबला-डग्गा बरोबर घेतला होता. प्रवरेकडच्या आळीत गनीभाईंचं घर होतं. भिंतीवर खुंटीला गवसणीत घातलेल्या दोन सनया होत्या. घरात त्यांची दखनी बोली चालायची, माझ्या घरीही तीच. पण माझ्याशी ते मराठीत बोलले, परक्याशी बोलावं तसं.

"बसा. वाजवा."

आतल्या दाराच्या पडद्याआड बांगड्या वाजल्या. हमिदा तिथे होती. मी घाबरलो असेन असं तुम्हाला वाटत असेल, तर मुळीच नाही. मला फक्त लवकर वाजवायची घाई झाली होती.

मुखडा उचलला आणि नेमका समेवर पोचलो. अण्णांची मान डोलली. पहिल्या ओळीने विचारलं, दुसरीने सांगितलं. गनीभाईंचा चेहरा दगडी होता, पण डोळे मिटले होते. मी अंतऱ्याला हात घातला, चढलो, वरचा षड्ज भरून लावला. आता उतार.

तेवढ्यात पडदा सरकला आणि हमिदाची अम्मी सरबताचे पेले तबकात घेऊन बाहेर आली.

तबक दिसलं आणि मी थांबलो. विचार केलाच नाही. इतक्या वर्षांची सवय, ओठ आपोआप सुटले. खोलीत अंतऱ्याचा सवाल तसाच लोंबकळत राहिला. पडद्याआडून हमिदाचा "या अल्ला!" एवढाच उद्गार ऐकू आला. माझं सगळं मुसळ केरात गेलं होतं. अण्णांनी मात्र ठेका सोडला नाही. तबला चालूच राहिला.

मी क्लॅरिनेट पुन्हा तोंडाला लावणार, तोच माझी नजर गनीभाईंच्या गुडघ्यावर गेली. त्यांची बोटं हलत होती. एकेक करून ती सनईची भोकं झाकत होती, वरून खाली, बंदिशीचा उतार जसाच्या तसा.

मी क्लॅरिनेट मांडीवर ठेवली.

"वाजीव की!" ते डोळे उघडून ओरडले.

"चाचा, सवाल टाकलाय. उतार तुमचा."

"मस्ती आली का रं? मी सनई सोडलीया."

"माहीत हाय."

बस्स, एवढंच बोललो. अण्णांचा ठेका फिरत होता. अम्मी तबक धरून जागच्या जागी उभी होती. गनीभाई माझ्याकडे बघत राहिले, मग खुंटीकडे. वरचा षड्ज कुणालाच ऐकू येत नव्हता आणि सगळ्यांनाच ऐकू येत होता. ते उठले, पुटपुटत दोन शिव्या दिल्या आणि एक सनई गवसणीतून काढली. डबीतली सनईच्या तोंडाला लावायची पत्ती कोरडी ठणठणीत होती. ती त्यांनी पाण्याच्या पेल्यात बुडवली आणि भिजेपर्यंत आम्हा सगळ्यांना ताटकळत ठेवलं.

मग ठेक्याची उचल आली आणि सनई बोलली. पहिला सूर फाटला. दुसरा ठीक आला. माझी पट्टी आणि त्यांची पट्टी जुळत नव्हती, ती त्यांनी ओठांनी ओढून जुळवली. मी क्लॅरिनेट उचलली आणि खाली षड्ज धरला, नुसता धरला, मेहताबभाई धरायचे तसा. तो सूर कानावर पडला आणि गनीभाईंचे डोळे भरून आले. वाजवणं थांबलं नाही. पायरी पायरीने ते उतरले, मुखड्याशी आले, तिथे मला डोळ्यांनी बोलावलं आणि आम्ही दोघांनी मुखडा तीनदा घेऊन समेवर एकदम सोडला. माझेही डोळे ओले झाले होते. ते मी लपवले नाहीत.

अण्णा तबल्यावर हात ठेवून बसले होते. पडद्याखाली हमिदाची पावलं दिसत होती, दाराच्या अगदी जवळ आलेली.

गनीभाईंनी सनई पुसली. खुंटीकडे नेली नाही, शेजारी गादीवर ठेवली. मग अम्मीच्या हातातल्या तबकातून एक पेला उचलला आणि स्वतःच्या हाताने माझ्यापुढे धरला.

"ले जमाई," ते म्हणाले, "पैले तू."