चढावरची शिकवणी

“क्लच हळू सोड म्हणतो ना मी, हळू! पाय आहे की मुसळ?”

शेजारच्या सीटवरून नवरा करवादला आणि गाडी आचका देऊन चढावरच बंद पडली. बायकोने ओठ दाबून पुन्हा किल्ली फिरवली.

गाडी त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलचीच. शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असलेली. अर्धं गाव त्याच्या हाताखाली शिकलं, बायको तेवढी राहिली. “घरात एक ड्रायव्हर पुरे,” म्हणायचा. मागच्या महिन्यात तपासणीचा रिपोर्ट आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने तिला स्टेअरिंगपुढे बसवलं.

बायपासला बारा-तेरा वर्षं होऊन गेली होती. पायातल्या शिरा काढून हृदयाला जोडल्या, तेव्हा “आमचं काळीज आता पायी चालतं,” असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. त्यांतल्या दोन आता पार बुजल्या होत्या, तिसरी बुजत आली होती. पुन्हा ऑपरेशन झेपणार नाही, गोळ्या चालू ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून घरात एकच शब्द उरला होता, थकवा. मुलगी फोनवर थकव्याचीच चौकशी करायची, आणि तोही थकव्याचंच सांगायचा.

“अगं, ढ म्हणून आलेलेसुद्धा पंधरवड्यात शिकून गेले माझ्याकडून. आणि तू...”

पुढचं त्याला बोलवेना. त्याने छातीवर हात दाबून श्वास गोळा केला. ती आरशात बघत राहिली. आरशात काहीच नव्हतं.

तेवढ्यात वळणावरून एक ट्रक अख्खा रस्ता अडवत खाली आला. नवऱ्याचा पाय ब्रेककडे जायच्या आत तिने गाडी झरकन मागे घेतली, कडेला लावली, ट्रकला वाट दिली. आणि मग क्लच अर्धा धरून, तसूभरही मागे न घसरता, सगळा चढ चढून गेली.

वरच्या सपाटीवर तिने गाडी थांबवली. बराच वेळ तो तिच्या पायांकडे बघत होता.

“कधीपासून येतंय तुला?”

“पहिल्याच आठवड्यापासून.”

“मग रोज बंद का पाडतेस? माझ्यामागे तुझं कसं व्हायचं, या विचाराने डोळ्याला डोळा लागत नाही माझ्या!”

तिने हँडब्रेक ओढला. तरी पाय ब्रेकवरून काढला नाही.

“तेच तर,” ती म्हणाली. “मला गाडी आली, की तुम्ही मरायला मोकळे.”