उत्कर्षाच्या कोपरावरचा चट्टा

मी एक जुना चट्टा आहे. वारज्यात राहणाऱ्या उत्कर्षाच्या उजव्या कोपरावर माझं घर आहे. डॉक्टर मला सोरायसिस म्हणतात. दचकू नका, मित्रांनो. शरीराची राखण करणारी यंत्रणा उगाच चिडते, कातडीच्या पेशी घाईने वाढतात आणि त्यांची चंदेरी खपली धरते. ती खपली म्हणजे मी.

बारावीच्या परीक्षेत, यवतमाळला मी जन्मलो. हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा आईने गल्लीभर पेढे वाटले, आणि मी इतका निवळलो की उत्कर्षा मला विसरली. मी तिला विसरलो नव्हतो.

मग कंपनीने तिला काढलं. तिने कुणालाच सांगितलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन, पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून ती निघायची आणि दिवसभर कुठल्यातरी बागेत बसायची. संध्याकाळी आईचा फोन यायचा.

"कसं हाये ऑफिस, बेटा?"

"मस्त आहे, आई."

त्या 'मस्त'ला मी तापायचो. पुढे पुढे तर फोन वाजण्याआधीच मला जाग येऊ लागली. मी दंडाकडे सरकलो. गुडघ्यावर माझ्यासारखाच एक उगवला, केसांत आणखी एक. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, तरी एकदमच खाजायचो.

आईला फक्त खाज कळली. "वांगं खाल्लं असशीन!" उत्कर्षाने वांगं सोडलं, मग दूध, मग तुरीची डाळ. मी ताटातून येतच नव्हतो.

शेवटी खोलीतली मैत्रीण शेफाली तिला ओढतच डॉक्टर पूर्णिमाबाईंकडे घेऊन गेली.

"वांग्याला उगाच बदनाम करू नका," बाई म्हणाल्या. "मलम देते, नेमाने लावा. पण हा वाढायला लागला तेव्हा काय घडलं होतं?"

"काही नाही." बोलताना तिची नखं माझ्यावर आली.

"तोंड एक सांगतंय, बोटं दुसरंच."

दवाखान्याच्या पायरीवर बसून तिने फोन लावला. "आई, नोकरी गेली. कधीचीच."

पलीकडून आवाज आला, "मंग इतके दिवस एकटीच होती का व तू?"

ती रडली. त्या संध्याकाळी मी तापलो नाही. पुढे मलमाने हळूहळू फिका पडलो.

पण मी गेलेलो नाही, मित्रांनो. कातडीखाली कान देऊन बसलो आहे. माझ्यासारखा कुणाच्या अंगावर दिसला तर सरकून बसू नका. मी शिवल्याने पसरत नाही. त्याचं औषध चुकू देऊ नका. आणि 'कशी आहेस?' असं विचारलंत, तर खरं उत्तर येईपर्यंत थांबा. तुम्ही थांबला नाहीत, तर ते मला द्यावं लागतं.