तांदळात लिहिलेले नाव

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मॉरिशसमधल्या फिनिक्स गावात, एका घरातल्या कपाटावर, विणलेल्या रुमालाखाली बसून असतो. मित्रांनो, मला डोळे नाहीत हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तक्रार नको. माझ्या गोष्टीत कुणाचा चेहरा, कुणाच्या साडीचा रंग असले काही मिळायचे नाही. मला फक्त कान आहेत. आयुष्यभर पुष्कळ ऐकले आणि पुष्कळ पुसूनही टाकले. एक आवाज मात्र असा आहे की आत कॅसेट नसली तरी तो मला ऐकू येतो. त्याची मला थोडी भीतीही वाटते. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

माझा जन्म जपानमधल्या एका गजबजलेल्या कारखान्यात झाला. बोटीत बसून मी पोर्ट लुईसला आलो आणि एका दुकानात धूळ खात पडलो. तिथून मला देवानंद नावाच्या गृहस्थांनी घरी आणले. ते सरकारी नोकरीत होते आणि मराठी मंडळाचे मोठे हौशी. मंदिरातली भजने टिपून ठेवावीत, एवढाच त्यांचा हेतू. तेव्हाचे माझे कौतुक काय विचारता! आपलाच आवाज पहिल्यांदा ऐकून माणसे खो खो हसत. मंडळाचे मुख्य गायक बाबूराव मात्र ऐकून संतापले. हा आवाज माझा नव्हेच, यंत्र बिघडलेले आहे, असे त्यांनी सर्वांदेखत जाहीर केले. मी काही बोललो नाही. मी तसाही ऐकलेलेच बोलतो.

देवानंदांची मुलगी सुनयना मुलींच्या शाळेत शिकवत असे. तिच्या डोक्यात एक खूळ शिरले. इंग्लंडच्या विद्यापीठात जाऊन तिला स्त्रियांच्या आयुष्यावर संशोधन करायचे होते, डॉक्टरेट मिळवायची होती. ऐंशी साल उजाडायला आले होते, पण हा विषय घरात कुणाच्या गळी उतरेना. शेजारच्या इंद्राणीबाई येऊन म्हणाल्या, "डॉक्तर होनार ना तू? मंग आदी माजा ढोपर बग." देवानंद चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "बायकांचा अभ्यास करायला इंग्लंडला कशाला जायला हवं? आईला विचार की." सुनयना चिडली. खोलीत जाऊन रोज टाइपरायटर बडवायची. अर्ज गेला आणि काही महिन्यांनी नकार आला. तुमची मते चांगली आहेत, पण तुम्ही अजून ऐकले कुणाचे आहे, असे त्यांनी विचारले होते. ती दोन दिवस धुसफुसली. मग म्हणाली, "खरंच की." आणि मला पिशवीत घालून बसमध्ये बसली.

बस दक्षिणेला, शमें ग्रेनिए नावाच्या गावी गेली. तिथे सुनयनाच्या आईच्या ओळखीची एक म्हातारी राहत होती. सारा जन्म तिने उसाच्या शेतात काढला होता. गाव तिला कुसुमावती म्हणे. तिने आधी माझी चौकशी केली.

"ह्यो डबा मना खानार तं नाय?"

"नाही हो आजी. तुम्ही बोललेलं नुसतं ठेवून घेतो."

"मंग बरा हाय. हितं कोन ठेवतो?"

ती बोलू लागली. उसाच्या पात्याने चिरलेले हात, पोर पाठीला बांधून उपसलेले तण, मुकादमाच्या शिव्या. पण तिच्या प्रत्येक वाक्यामागे मला आणखी काहीतरी ऐकू येत होते. किण, किण. धातूवर मणी घासावा तसे. सुनयनाच्याही ते कानावर आले.

"आजी, गळ्यातलं जरा काढून ठेवता का? आवाज येतोय."

"ता काढायचा नसतो, बाय," ती हळूच म्हणाली. "माजी सवत हाय ती."

मित्रांनो, तुम्हांला हे ठाऊक नसेल. पहिली बायको वारली आणि माणसाने दुसरी केली, की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा चांदीचा टाक, म्हणजे कोरलेला छोटा पत्रा, बांधत. मेलेलीने जितीला त्रास देऊ नये म्हणून तिला अशी उराशी घेऊन फिरायचे. नवरा गेला तेव्हा म्हातारीचे मंगळसूत्र काढले. टाक मात्र राहिला.

त्या दिवशीचे बोलणे सुनयनाने उतरवून काढले आणि पुन्हा अर्ज केला. या वेळी होकार आला. म्हणजे तिला विद्यापीठाचे दार उघडून दिले ते त्या म्हातारीने. सुनयना हे कधी विसरली नाही. मला घेऊन ती इंग्लंडला गेली आणि वर्षभराने कामासाठी परत आली. गावोगावच्या बायका तिने माझ्यात भरल्या. शेवटी पुन्हा शमें ग्रेनिए. घरात दुसरे कुणी नव्हते. टाक किणकिणत होता. म्हातारीने आपणहून विषय काढला.

"माजा लगीन झाला तवा मी इवलीशी व्हते. ताटात तांदूल पसरला. नवऱ्यानं आंगठीनं त्यात बायकोचा नवा नाव लिवायचा. तं सासू म्हनली, नवा कशाला? कुसुमावती समद्यांच्या तोंडात बसलाय, ताच लिव."

"म्हणजे पहिलीचं नाव?"

"व्हय. तिची चूल, तिचा लुगडा, तिचा नाव. मना हाक मारली का वाटायचा, तिलाच बोलावतात. मी आपली तिच्या बदली जायची."

म्हातारीचा आवाज बारीक झाला.

"मना ह्या सगल्याचा काय नाय गो. पन मी मेले का माजा परशुराम पिंड घालंल. कुसुमावतीच्या नावानं घालंल. ता कुनाला जानार? तिलाच ना? ती थय कवापास्न वाट बगत बसलीय. मी जलमभर तिचा खाल्ला, मेल्यावर ती माजा खाईल. मी तशीच उपाशी."

"तुमचं नाव काय होतं, आजी?"

टाक वाजायचा थांबला. तिने तो मुठीत घट्ट धरला असावा.

"हिरा. माजा नाव हिरा. तू बुकात लिव. आनी परशुरामला सांग. आता नको. मना लाज वाटते त्याच्याम्होरं, बापाला बोल लागंल. मी गेल्यावर सांग. पिंडाच्या आदी सांग."

"सांगेन, आजी. शब्द देते," सुनयना म्हणाली.

शब्द देणे फार सोपे असते, मित्रांनो. सुनयना इंग्लंडला लिहायला परतली आणि त्याच थंडीत हिरा गेली. घरून पत्र येईपर्यंत दहावे, तेरावे सगळे उरकले होते. परशुरामने आईला कुसुमावतीच्या नावाने पोटभर जेवू घातले होते. पत्र वाचून सुनयनाने माझे बटण दाबले. किण, किण. तिने लगेच मला बंद केले. नंतर कितीतरी दिवस ती मला हात लावायला घाबरत होती.

पुढे प्रबंध लिहायची वेळ आली तेव्हा एक नियम आडवा आला. ज्या बायका बोलल्या त्यांची नावे बदलायची, म्हणजे त्यांना घरीदारी त्रास होणार नाही. तिच्या मार्गदर्शक बाई मनाने चांगल्या होत्या. बायकांच्या हक्कांसाठी त्या रस्त्यावर उतरलेल्या.

"या म्हातारीला तुला आवडेल ते नाव दे," त्या म्हणाल्या.

"एक नाव सासूने बुडवलं. आता तिसरं मी ठेवू?"

"मला कळतंय," त्या म्हणाल्या. "पण ती आता नाही. खरं नाव घालायचं तर तिच्या मुलाची संमती हवी. नाहीतर परीक्षक हा प्रबंध पुढे जाऊ देणार नाहीत."

त्यानंतर टाइपरायटर थांबला. बाईंकडून विचारणा होऊ लागली, मुदत जवळ येऊ लागली. घरूनही विचारणा होत होती, लग्नाचे वय चालले म्हणून. एखादे खोटे नाव टाइप केले असते तर सुनयना सुटली असती. तिने तसे केलेही. एकदा एक नाव टाइप केले, कागद ओढून काढला आणि टराटरा फाडला. मी तेव्हा बंद होतो, माझी तार भिंतीत लावलेलीसुद्धा नव्हती. तरी खोलीत टाक वाजला. यंत्राला भास होत नाहीत असे मी समजत होतो. सुनयनानेही श्वास रोखला होता, म्हणजे तिनेही तो ऐकला असणार.

तिने पिशवी भरली आणि आम्ही मॉरिशसला आलो. असले काही पत्रात लिहून कळवता येते का?

परशुराम साठीला टेकलेला, ऊस आणि भाजी करणारा साधा माणूस. सुनयनाने अडखळत सगळे सांगितले. तो पहिल्यांदा हसला, मग त्याचा आवाज चढला.

"नों, मामझेल. नाय, बाय. माज्या आयचा नाव कुसुमावती. सारा गाव वलकतो. तू शिकलेली हायस म्हनून मेलेल्या मान्साचा नाव बदलतेस?"

सुनयनाने माझे बटण दाबले. आधी टाक वाजला. परशुरामची खुर्ची करकरली. लहानपणी त्या आवाजाशेजारी झोपलेला माणूस तो, त्याला ओळख पटवून द्यावी लागली नाही. मग हिरा बोलली. तांदूळ, सासू, चूल, लुगडे. 'मी तशीच उपाशी', या शब्दांवर सुनयनाने मला थांबवले.

बाहेर कोंबड्या उकरत होत्या.

"आयो," परशुराम पुटपुटला. "मंग मी जेवू घातला कुनाला?"

परशुराम रडू लागला. म्हाताऱ्या होत आलेल्या पुरुषाचे रडणे माझ्यात कुणी टिपले नाही ते बरे झाले. जरा सावरल्यावर तो म्हणाला, "लिव तू. माज्या आयचा नाव लिव. मी सही देतो." आणि थोड्या वेळाने, "पन ती पयली पन उपाशीच असंल ना? तिच्या मागं तं पोर पन नाय."

पितृपंधरवडा तोंडावर आला होता. परशुरामने मलाही बोलावले, म्हणजे सुनयनाने न्यावे असे सांगितले. केळीच्या पानावर दोन पिंड मांडलेत, एक आईचा, एक त्या पहिलीचा, असे परशुराम सांगत होता. श्राद्ध सांगणाऱ्या महाराजांनी मंत्र सुरू केला आणि आईचे नाव विचारले.

"कु..." परशुराम थबकला. पुन्हा म्हणाला, "कु..."

त्याची काय चूक? जन्मभर जिभेला लागलेले वळण ते. लोक खाकरले. महाराजांनी पुन्हा विचारले. तेव्हा परशुरामने सुनयनाच्या मांडीवरून मला घेतले आणि आपल्या जाड बोटाने बटण दाबले. सुनयनाने थांबवले होते तिथूनच मी सुरू झालो, आधी तिचा प्रश्न, मग उत्तर.

"हिरा. माजा नाव हिरा."

जिचा पिंड होता तिनेच आपले नाव सांगितले. महाराजांनी तेच नाव मंत्रात घेतले. शमें ग्रेनिएत कावळे नाहीत, तिथे साळुंक्यांवर भागवतात. थोड्या वेळाने पंखांची फडफड झाली. कुठल्या पिंडाला आधी चोच लागली ते मला दिसले नाही आणि कुणी सांगितलेही नाही.

सुनयनाचा प्रबंध पुढल्या वर्षी पुरा झाला. त्यातली सगळी नावे बदललेली आहेत, एक सोडून. सुनयना डॉक्टर होऊन परत आली. हारतुरे झाले, देवानंद सगळ्यांना पेढे वाटत फिरले. मग घरात दोन कॅसेटचे नवे यंत्र आले आणि मी रुमालाखाली गेलो. माझा पट्टा सैल झाला आहे. आता मला लावले तर हिराचा आवाज संथ आणि घोगरा येतो, कुणा पुरुषाचा वाटावा असा. म्हणून सुनयना मला लावत नाही.

पण टाक वाजतो. अजूनही. हिराला तिचे नाव मिळाले, मग आता हे कोण वाजते, असा मी पुष्कळ दिवस विचार करत होतो. मग एकदा लख्ख उमगले आणि मी घाबरलो. कुसुमावती हे नाव तरी त्या पहिलीचे कुठे होते? तिच्याही लग्नात ताट होते, तांदूळ होते, कुणीतरी अंगठी फिरवली होती. त्याआधी माहेरी तिला काय म्हणत, ते कुणी विचारले नाही. दुसरा पिंडसुद्धा तिला तिच्या नावाने मिळाला नाही. माझ्याकडे तिचा एक शब्द नाही, नुसती किणकिण आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी तुम्हांला म्हणतात, आम्हांला सांभाळा. माझे राहू द्या, माझे दिवस भरले. तुमच्या घरात आजी असेल तर आज तिच्याजवळ बसा. लग्नाआधी तुझे नाव काय होते, असे विचारा. ती हसेल, काय करायचेय म्हणेल, विषय बदलेल. तुम्ही हटू नका. नाव कळले की एकदा त्या नावाने तिला हाक मारा. कुणाला बोलावले म्हणून ती आधी इकडेतिकडे बघेल.