‘गाडी बाहेर’च्या भिंतीवरचं ब्लँकेट

मी पानिपतचं ब्लँकेट बोलतोय. पानिपत म्हटल्याबरोबर मराठी माणूस एक सुस्कारा टाकतो, तो आधी टाकून घ्या. माझी लढाई वेगळी आहे आणि ती फरिदाबादच्या एका गॅरेजात झाली.

माझा जन्म काही खानदानी नाही. परदेशातून गठ्ठ्यांनी आलेले जुने कोट आणि स्वेटर आमच्याकडे फाडतात, पिंजतात आणि त्याचं पुन्हा सूत काढतात. त्यातून मी झालो. रंग राखाडी, अंग खरखरीत. ऊब मात्र चांगली आहे. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

लतिकाबाईंनी मला हायवेवरच्या दुकानातून उचललं, सोबत माझी नऊ भावंडं. दुकानदाराला वाटलं, बाईंच्या घरी लग्न आहे. लग्न कसलं, बाईंचं डोकं उठलं होतं. त्यांना अर्धशिशीचा त्रास, आणि मुलगा हेरंब दर रविवारी दुपारी घराखालच्या गॅरेजात दोन मित्रांना घेऊन गिटार बडवायचा. शेजारीणही दोनदा येऊन सांगून गेली होती, “भाभीजी, बच्चों को ज़रा समझाइए.”

बाईंनी आम्हाला हेरंबच्या पुढ्यात टाकलं. “हे घे, भिंतींना ठोक. मग वाजवा हवं तेवढं. मला ऐकू आलं नाही पाहिजे.”

हेरंबला राग-बिग काही आला नाही. त्याने आईच्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाला, “आई, तू ग्रेट आहेस यार.” त्याच दिवशी त्याने आम्हाला खिळे मारले. मी कोपऱ्यात आलो.

त्यांच्या बँडचं नाव होतं ‘गाडी बाहेर’. कारण साधं. अशोकरावांची, म्हणजे हेरंबच्या वडिलांची, गाडी बाहेर काढल्याशिवाय आत ड्रम मांडताच यायचे नाहीत. रविवारी जेवणं झाली की हेरंब खालून ओरडायचा, “बाबा, गाडी बाहेर!” अशोकराव कुरकुरत यायचे आणि गाडी रस्त्यावर उन्हात लावायचे. एकही रविवार त्यांनी चुकवला नाही.

ड्रमवर क्षिप्रा. ती दिल्लीतच वाढलेली, गुडगावला नोकरी करायची. तिचं मराठी अधूनमधून अडायचं. “काहूर म्हणजे काय रे?” असं तिने एकदा विचारलं, तेव्हा हेरंब म्हणाला, “रिझल्टच्या आदल्या दिवशी अमोलच्या पोटात जे होतं ना, ते.” अमोल परभणीचा. सनदी परीक्षेची तयारी करत होता, बास गिटार वाजवायचा आणि बॅगेत राज्यघटनेचं पुस्तक घेऊन यायचा. गाणी हेरंब लिहायचा आणि तोच गायचा. अमोलच्या बिनखिडकीच्या खोलीवर एक गाणं होतं, ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या नवरदेवावर एक. अशी चार गाणी तयार झाली. त्यांना ओळखत कोण होतं म्हणता? कुणीच नाही. दिल्लीत मराठी रॉक ऐकायला बसलंय कोण! त्यात आम्ही दहा जण आवाज गिळायला बसलेलो. मी माझं काम इमानदारीने केलं आणि आज त्याचीच मला लाज वाटते.

मग रेकॉर्डिंग ठरलं. अमोलचा मित्र परीक्षित लॅपटॉप आणि माइक घेऊन आला. त्याने सांगितलं, “आधी ड्रम आणि गिटारी घेऊ. गाणं सगळ्यात शेवटी, पुढच्या रविवारी निवांत.” अशीच पद्धत असते म्हणे. पण कुणी गायल्याशिवाय क्षिप्राला कडवं कुठे संपतं ते कळेना. तेव्हा परीक्षितने हेरंबला गिटारीसकट कोपऱ्यात उभं केलं. “तू गा, पण भिंतीकडे तोंड कर. आवाज माइकमध्ये अजिबात येता कामा नये.”

हेरंब माझ्यात तोंड खुपसून गायला. चारही गाणी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्याचे ओठ माझ्या अंगाला लागत होते आणि श्वासाने मी ओला झालो होतो. शेवटच्या गाण्यात तो मधेच हसला आणि हसत हसतच पुढची ओळ गायला. माइकमध्ये काही म्हणजे काही गेलं नाही. सगळे माझ्यावर खूश झाले.

पुढच्या रविवारी हेरंबला ताप होता. डेंग्यू निघाला. नवव्या दिवशी तो गेला. सत्ताविसावं लागायला महिना होता.

त्यानंतर एका रविवारी दुपारी अशोकराव खाली आले. त्यांनी ड्रम बाजूला सरकवले, गाडी आत आणली आणि बराच वेळ गाडीतच बसून राहिले.

लतिकाबाईंकडे हेरंबचे व्हॉइस मेसेज आहेत. “आई, येताना दही आणू का?” “आई, मेट्रोत आहे, नंतर बोलतो.” बोलणारा हेरंब त्यांच्याकडे भरपूर आहे, गाणारा अजिबात नाही. मुलांनी सरावात मोबाइलवर काढलेल्या तुकड्यांत नुसते ड्रम धडधडतात. रेकॉर्डिंग झालंय एवढं बाईंना ठाऊक होतं, म्हणून त्या क्षिप्राला फोन करायच्या. ती टाळायची. तोंड कसं दाखवणार, बिचारी! वर्षभराने मात्र ती आली, अमोलला घेऊन.

गॅरेजातच बसले सगळे. क्षिप्राने मोबाइलवर गाणं लावलं. बाई कान देऊन ऐकू लागल्या. गिटार आली, ड्रम आले.

“आता येईल ना तो?”

गाणं संपलं. बाईंनी अमोलकडे बघितलं.

“काकू, आवाज शेवटी घेणार होतो,” अमोल म्हणाला. “त्या दिवशी तो गायला, पण ह्या ब्लँकेटमध्ये तोंड घालून. माइकमध्ये येऊ नये म्हणून.”

बाई उठल्या. गाडीच्या कडेने वाट काढत कोपऱ्यात आल्या आणि दोन्ही हातांनी मला ओढलं. खिळ्यांपाशी मी फाटलो. “मीच आणलं होतं रे हे,” एवढंच त्या म्हणाल्या आणि माझ्यात तोंड घालून रडल्या, अगदी त्याच जागी. मला सगळं ऐकलेलं पाठ होतं. चारही गाणी, ते हसूसुद्धा. पण मला ते परत देता येईना. ऊब देता येते, तेवढी दिली.

आता मी बाईंच्या पलंगावर असतो. त्यांनी मला धुतलेलं नाही. दुपारी त्या ते गाणं लावतात. हेरंब कुठे सुरू करायचा ते क्षिप्राकडून समजून घेतलंय त्यांनी. ती जागा आली की माझ्यावरचा त्यांचा हात थांबतो.

परवा क्षिप्राने एका जुन्या दिवसाची आठवण काढली. रेकॉर्डिंगच्या आधीच्या गणपतीत इथल्या मराठी मंडळाने हॉलमध्ये त्यांना गायला दहा मिनिटं दिली होती. चौथा दिवस, दुपारची वेळ. बाई तेव्हा मागे महाप्रसादाच्या पुऱ्या लाटत होत्या, पंगत खोळंबली होती, म्हणून त्या आल्या नाहीत. मंडळाचा फोटोग्राफर जेवायला गेला होता. क्षिप्राचं ओळखीच्या सगळ्यांना विचारून झालंय.

म्हणून मी तुम्हाला विचारतोय. त्या दिवशी हॉलमध्ये तुम्ही असाल, तर जुने व्हिडिओ एकदा बघा. लहान मुलांचा नाच झाला, त्याच्या लगेच नंतरचे. पोरीचा नाच काढून तुम्ही मोबाइल बंद करायला विसरला असाल. जांभळा कुर्ता घातलेला, चष्मेवाला, उंच मुलगा दिसला तर तो हेरंब. मागे खुर्च्या वाजत असतील, कुणी पाणी मागत असेल, चालेल. अर्धी ओळ असली तरी चालेल. लतिकाबाई दुपारी घरीच असतात.