सगळ्यांना पाच-नऊ

रविवारी सकाळी नऊ ते दहा आमच्या घरात मिक्सर लावायचा नाही, असा नियम आहे. पेणच्या बाजारात आमचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान, आणि आमच्याच घरात मिक्सरला बंदी. कारण त्या तासात आमचे हे, म्हणजे प्रविण, हवेवर असतात. 'हवेवर' हा त्यांचाच शब्द. मिक्सर लावला की सेटमध्ये घरघर येते म्हणे. मला विचाराल तर एरवी जे येतं त्यापेक्षा ती घरघर बरी.

हौशी रेडिओ म्हणतात याला. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, गच्चीवर अँटेना उभारायची आणि दुसऱ्या गावातल्या आपल्यासारख्याच माणसाशी बोलत बसायचं. मोबाईलवर जे सरळ बोलता येतं तेच इथे खरखरीतून बोलायचं आणि पोचलं की धन्य व्हायचं. आमची नेट पाच जणांची आहे. नेट म्हणजे दर रविवारची बैठक; एक जण नावं पुकारतो आणि बाकीचे पाळीपाळीने बोलतात. पुकारणारे, म्हणजे नेट कंट्रोल, अर्थातच प्रविण. धरमतरच्या जेट्टीवर क्रेन चालवणारा जनू, धाटावला कंपनीत शिफ्ट करणारी मनाली, रोह्याचे इकबालभाई आणि पाचवी मी, सुरभी. माझी भरती झाली ती पाच माणसं असल्याशिवाय क्लब म्हणवत नाही, असं ह्यांचं मत पडलं म्हणून. मी परीक्षा दिली, मला ह्यांच्यापेक्षा जास्त मार्क पडले. तो विषय आमच्याकडे निघत नाही.

मला हातात धरायचा छोटा सेट मिळाला आहे. मी स्वयंपाकघरातून बोलते आणि हे हॉलमधून ऐकतात. मध्ये एक भिंत आणि फ्रिज.

नेटची सुरुवात ह्यांच्या भाषणाने होते. "आपत्तीच्या काळात जेव्हा मोबाईल बंद पडतील, तेव्हा आपणच या तालुक्याचा आवाज असू." मागच्या मोठ्या वादळात मोबाईल खरोखर बंद पडले, तेव्हा तालुक्याच्या आवाजाची बॅटरी उतरलेली होती. असो. भाषणानंतर हवामान. पेणला पाऊस आहे, धरमतरला पाऊस आहे, रोह्यालाही पाऊस आहे, हे एकमेकांना कळवलं जातं. मग नाश्त्याला काय केलं ते. आणि प्रत्येकाचं बोलून झालं की त्याला रिपोर्ट द्यायचा.

हा रिपोर्ट म्हणजे दोन आकडे. पहिला आकडा शब्द किती समजले त्याचा, तो पाचपर्यंत. दुसरा आवाज किती जोरात आला त्याचा, तो नऊपर्यंत. पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. आमच्या नेटवर आजवर सगळ्यांना पाच-नऊच मिळाले आहेत. जनू क्रेनच्या केबिनमधून बोलतो आणि मागे भोंगा वाजत असतो, तरी पाच-नऊ. मनाली नाइट शिफ्ट करून जांभया देत बोलते, तरी पाच-नऊ. लग्नात कुणी 'जेवण कसं होतं' विचारलं की आपण काय सांगतो? तसंच ते. ह्यांना तर त्याचा अभिमान आहे. "आपल्या क्लबात पाच-नऊच्या खाली कुणी नाही," असं ते गिऱ्हाइकांनासुद्धा सांगतात.

या सगळ्यात नेट मनापासून करणारा माणूस एकच, इकबालभाई. उभी हयात कुवेतला एसी दुरुस्त करण्यात गेली. रेडिओची हौस तिथे पुरी झाली नाही, ती रोह्याला परतल्यावर त्यांनी केली. रविवारी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून सेटपुढे बसतात, असं त्यांची बायको ताजुन्निसाभाभी सांगते. आपण दिसत नाही, हे त्यांना माहीत आहे. तरी इस्त्री.

गणपती होऊन गेल्यावर एका गुरुवारी हीच भाभी मला पेणच्या बाजारात पापडाच्या दुकानात भेटली. पोह्याच्या पापडांच्या पिशव्या दोन्ही हातांत मावत नव्हत्या.

"भाभी, लग्न काढलंत की काय?" मी विचारलं.

"नाय गो. शारजाला न्यायचे हायत. पुन्हा कोण येणार हाय इथं पापड घ्यायला?"

मला काही कळेना. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी तिचं काहीतरी चोरलं आहे.

"तू पण असतीस ना गो रेडिओवर? मग असं काय विचारतेस? पोरगा नावेद तिकडून बोलावतोय, कायमचे या म्हणतो. ह्यांचं मन होत नव्हतं. नातू बघून दोन महिन्यांत परत येऊ, असं आमचं चाललेलं. तरी म्हणाले, रेडिओवर विचारतो, ती आपली माणसं हायत. तीन रविवार विचारलं त्यांनी. जाऊ की राहू, तुम्ही सांगा. तुझ्या नवऱ्यानं काय सांगितलं म्हायती हाय?"

"काय?"

"अतिउत्तम, पाच-नऊ, असंच चालू ठेवा! तो जनू म्हणाला, आयकून बरा वाटला. त्या पोरीनं तर अभिनंदन केलं. आणि तू म्हणालीस, मस्त."

म्हणाले असेन. कांदा परतताना मी नेहमीच 'मस्त' म्हणते.

"तिसऱ्या रविवारी उठले, सेट बंद केला, नावेदला फोन लावला. काढ तिकिटं म्हणाले, जायची तेवढीच काढ. आता घराला गिऱ्हाईक बघतायत." भाभीने पिशव्या खाली ठेवल्या आणि डोळ्यांना पदर लावला. "माझं सगळं इथं हाय गो. पण त्यांना म्हणवत नाय. इथं कुणाला आपली गरज नाय, असं डोक्यात घेऊन बसलेत."

मला इतका संताप आला की मी पापड न घेताच घरी आले.

"इकबालभाई गेले तीन रविवार काय बोलतायत?" मी ह्यांना दारातच विचारलं.

"हवामानाचं," हे म्हणाले.

"ते कायमचे शारजाला चाललेत."

ह्यांनी मान डोलावली. "बरोबर. शारजाचं हवामान."

"अहो, तुम्हाला त्यांचं ऐकू येतं का?"

बराच वेळ हातातला मिक्सरचा जार फिरवून झाला. मग म्हणाले, "पावसाळ्यापासून नुसती खरखर येते. पण पाळी त्यांची असते, म्हणजे तेच बोलत असणार ना. खरखर थांबली की बोलणं झालं समजायचं."

"मग पाच-नऊ कसे देता?"

"अगं, नेट कंट्रोलने सांगायचं का, मला ऐकू येत नाही म्हणून? आणि त्यांनाही वाईट वाटलं असतं. दाढी करून बसतात बिचारे."

मी म्हटलं, आत्ता फोन करा. तर हे म्हणे, रेडिओवरचं रेडिओवर. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरसुद्धा नेटमधलं काही लिहायचं नाही, तिथे फक्त गुड मॉर्निंग, हा ह्यांचाच नियम. नाहीतर रेडिओला अर्थ काय उरला? मीच फोन हातात घेतला होता. पण मी सांगून काय झालं असतं? वहिनी समजूत घालतेय, असं इकबालभाई म्हणाले असते आणि आभार मानून सामान बांधत बसले असते. त्यांना जे ऐकायला हवं होतं ते हवेवर आणि ह्यांच्याच तोंडून.

रविवार उजाडला. भाषण झालं, हवामान झालं. जनूचं झालं, मनालीचं झालं. मग हे म्हणाले, "आता पेणहून सुरभी. बोला, ओव्हर."

मी सेट ओट्यावर ठेवला आणि हाताची घडी घालून उभी राहिले. बटण दाबलं नाही की तोंड उघडलं नाही. भिंतीपलीकडून ह्यांच्या चहाच्या भुरक्याचा आवाज येत होता. मी नेहमी बोलते तेवढा वेळ गेला, आणि ओट्यावरच्या डब्यातून आमच्या ह्यांचा भारदस्त आवाज आला, "धन्यवाद सुरभी. छान माहिती दिलीत. पाच-नऊ. आता रोह्याहून..."

मी बटण दाबलं. "पेणहून सुरभी. मी काही बोललेच नाही. ओव्हर."

भिंतीपलीकडे चहाचा कप बशीत आदळला.

"आता इकबालभाईंचा खरा रिपोर्ट द्या," मी म्हटलं. "जनू, तू आधी. त्यांचं तुला शेवटचं कधी ऐकू आलं?"

"वयनी, खरा सांगू?" जनू चाचरला. "पाऊस लागल्यापासून मना त्यांचा काय पण आयकू आला नाय."

"मग पाच-नऊ कसे दिलेस?"

"दादांनी दिलं म्हणून मी दिलं. दादांची अँटेना मोठी. मना वाटला, त्यांना येत आसंल."

"आणि मनाली, तू?"

"जनूकाकांनी दिले ना," मनाली म्हणाली. "मला वाटलं माझाच सेट बिघडलाय. मी दोनदा दुरुस्तीला टाकला."

राहिले प्रविण. हॉलमध्ये खुर्ची करकरली. मी दारात जाऊन उभी राहिले. ह्यांच्या हातात माईक होता आणि चेहरा सगळ्या वर्गासमोर उभं केलेल्या मुलासारखा झाला होता. मला त्यांची दया आली, पण मी ती दाखवली नाही.

"इकबालभाई," हे म्हणाले, आणि थांबले. त्या थांबण्यात क्लबची सगळी परंपरा गेली असावी. "आमचे सेट धड आहेत, म्हणून आमचं तुम्हाला ऐकू जातंय. तुमचं मात्र पावसाळ्यापासून इथे कुणालाच ऐकू आलेलं नाही. तुम्ही जायचं विचारलंत, ते आम्हाला कळलंच नाही. तुमचा रिपोर्ट एक-एक. ओव्हर."

उत्तरादाखल सेटमधून जोरदार खरखर आली. बराच वेळ येत राहिली. इकबालभाई जीव तोडून काहीतरी बोलत होते आणि आम्ही सगळे ती खरखर ऐकत होतो. शेवटी ह्यांचा मोबाईल वाजला. रेडिओवरचं रेडिओवर हा नियम तिथेच संपला.

"प्रविणभाऊ!" फोन स्पीकरवर नव्हता, तरी मला दारात ऐकू येत होतं. "आधी सांगायचं नाय? मी इथं मनाला किती लावून घेतलं! आणि तुम्ही म्हणता, असंच चालू ठेवा!"

ते ओरडत होते, पण मध्येच नाक ओढत होते. हे नुसते "हो, हो, चुकलं," म्हणत राहिले. मग ह्यांनी हत्यारांची पेटी उचलली आणि गाडी काढली. वडखळच्या नाक्यावर जनू चढला. मनाली धाटावहून स्कूटीने थेट इकबालभाईंच्या घरी पोचली. मला हे म्हणाले, तू इथेच थांब, टेस्टला पेणला कुणीतरी हवं. पहिल्यांदाच मी मोठ्या सेटच्या खुर्चीत बसले. खुर्ची चांगली आहे. उशीसुद्धा आहे.

पुढचं मला नंतर जनूने सांगितलं. तो गच्चीवर चढला, अँटेनेच्या बुडाशी केबलचा जोड होता, तो सोडवला, तर आतून पाणी गळलं. जोडाला टेप भलत्याच बाजूने गुंडाळलेला, त्यामुळे पावसाचं पाणी बाहेर राहायच्या ऐवजी आत उतरलं होतं. खाली उभ्या इकबालभाईंनी विचारलं, हा जोड कुणी केलेला? जनू केबल पुसत राहिला. मे महिन्यात तो जोड आमच्या ह्यांनी केला होता आणि दुकानात सगळ्यांना सांगतात तेच सांगितलं होतं, "पंचवीस वर्षं बघायला नको." ह्यांनी तो गुपचूप कापला आणि नवा बसवला. टेप मनालीने गुंडाळला.

इकडे मी सेटपुढे बसून होते. खरखर, खरखर, आणि एकदम खरखर गेली. शेजारच्या खोलीतून बोलावं तसा इकबालभाईंचा आवाज आला. पावसाळ्यापासून तो ऐकला नव्हता, हे मला तो ऐकल्यावर कळलं.

"पेण, पेण. रोह्याहून इकबाल. वहिनी, ही सगळी मंडळी माझ्या खोलीत उभी हायत. मी परत विचारतो. जाऊ की राहू? ओव्हर."

मी माईक धरला. उत्तर चार दिवस डोक्यात तयार होतं, चांगलं ठणकावून द्यायचं होतं.

"नातवाला बघायला जा," मी म्हटलं. "त्याचे लाड करा, पापड खाऊ घाला. पण कायमचं जायचं नाही, इकबालभाई. तुम्ही नसलात तर रविवारी आम्ही फक्त एकमेकांना पाऊस सांगत बसू. परत या. ओव्हर."

मागे ताजुन्निसाभाभीचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "मग परतीची पण काढायला सांगा त्या नावेदला!" कुणीतरी हसलं, बहुतेक जनू. मग इकबालभाईंनी घसा खाकरला.

"काढतो," ते म्हणाले. "वहिनी, तुमचा रिपोर्ट देतो. खरा देऊ ना?"

"द्या."

"चार-सात. सगळं कळलं, पण शेवटी आवाज जरा कापत होता."

इतक्या वर्षांत मला मिळालेला हा पहिला रिपोर्ट.