शिक्क्यावरचं भोक

"चांगलं जड आहे हो! वाऱ्यानं लवंडायचं नाही." रेमोंदबाईंनी ते तपकिरी भांडं दोन्ही हातांनी तोलून पाहिलं. "गेल्या वर्षीची प्लास्टिकची कुंडी थेट शेजारच्या थडग्यावर जाऊन पडली. वरून त्या घरच्या सुनेची बोलणी खाल्ली!"

लुसिएननं अंगणात विकायला मांडलेल्या बाकीच्या भांड्यांकडे पाहिलं. परवा सर्व संतांचा सण, सगळं गाव शेवंती घेऊन कबरस्तानात जाणार. पण मार्शादिएच्या भांड्यात शेवंती?

चौतीस वर्षं तिनं सायकलवरून फ्रान्सच्या बेरी भागातल्या कुंभारवस्त्यांवर टपाल वाटलं होतं. तिथला कुंभार मार्शादिए लाकडं जाळून भट्टीत भांडी भाजायचा, एकासारखं दुसरं नाही. दर भट्टीचं एक भांडं लुसिएनचं, मग महिनाभर सूपावर भागवावं लागलं तरी बेहत्तर. तो गेल्यावर जुने बाजार पालथे घालून तिनं आणखी जमवली. बासष्ट झाली. ती एका छपराखाली राहावीत, एवढंच तिला हवं होतं. संग्रहालयानं जागा नाही म्हणून कळवलं. लिलाववाला म्हणाला, "बाई, हल्ली लोकांना पांढरं लागतं." आणि सोमवारी ती वृद्धाश्रमात जाणार होती. तिथल्या खोलीत एकच फळी होती.

"भोक पाडून मिळेल ना? नाहीतर मुळं कुजतात मेली," रेमोंदबाई म्हणाल्या.

"मिळेल की!" पन्नाशीच्या भाच्यानं, रेजिसनं, गाडीतून ड्रिल काढलंसुद्धा.

"अरे, बुडाशी मधोमध मार्शादिएचा शिक्का आहे..."

"मावशी, कबरीवरची कुंडी उलटी करून कोण बघणार आहे? राहिली तर संध्याकाळी सगळी भंगारात टाकावी लागतील. बोल, काय करू?"

लुसिएननं भांडं गुडघ्यांत उलटं धरलं आणि बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं. "कोरडं पाडू नकोस. तडकेल."

दुपारपर्यंत रांग लागली. एकेका शिक्क्याचा राखाडी चिखल तिच्या बोटांवरून ओघळत होता. पंधरा दिवसांत हिव पडेल, शेवंती काळी पडेल आणि कबरस्तानाचा झाडूवाला कुंडीसकट सगळं उचलून नेईल. हे तिला चांगलं ठाऊक होतं. आजवर तिच्या आईच्या कबरीवरची प्रत्येक कुंडी अशीच गेली होती.

शेवटी एकच उरलं, तिनं घेतलेलं पहिलं. फळीसाठी म्हणून तिनं ते शालीत गुंडाळून मांडीवर ठेवलं होतं. रेजिस ड्रिलची वायर गुंडाळू लागला.

"थांब," ती म्हणाली. "हेही पाड."

"अगं, हे तर तुझं ना?"

"मार्शादिएच्या कबरीवर कुणी काही ठेवत नाही रे."

तिनं शाल सोडली, भांडं उलटं केलं आणि बाटलीत उरलेलं पाणी त्याच्या शिक्क्यावर ओतलं.