डावी एक, उजव्या दोन

दर गुरुवारी दुपारी नवरा मान घासून आंघोळ करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो आणि "देवळापाशी बुद्धिबळ खेळायला जातो" म्हणतो, हे श्यूमानच्या पचनी पडत नव्हतं. जन्मभर बस चालवलेला वेनची बुद्धिबळात कधी जिंकल्याचं अख्ख्या ताईनान शहरात कुणी ऐकलं नव्हतं. हरून आलेला माणूस डोळे सुजवून येईल एक वेळ, पण आल्या आल्या घोरत पडेल? मुलगा गेल्यापासून रात्र रात्र छताकडे बघत पडणारा हा माणूस, गुरुवारी मात्र ढाराढूर!

शेजारच्या आलियानने आगीत तेल ओतलं.

"ताई, भावोजींना मासळीबाजारामागच्या बोळात शिरताना पाहिलं हो मी. तिथे ती सुऱ्यांची बाई आहे ना, अंगावर दोन सुऱ्या आपटून मनाचा ताण घालवणारी! हात फार मऊ आहेत म्हणे तिचे."

"सुऱ्या धरणारीचे हात मऊ कसे असतील गं?"

"ते भावोजींनाच विचारा."

विचारणार कसं? त्या घरातलं विचारणंच बंद पडलं होतं. त्यांचा आकाई स्कूटरवरून पडून गेला, तेव्हा रस्त्यावरून त्याने आईलाच फोन लावला होता. श्यूमान मांसाचं सारण भरलेल्या वाँटनच्या हातगाडीसाठी दोन सुऱ्यांनी मांस बारीक करत होती. त्या खटखटाटात फोन तिला ऐकूच आला नाही. तेव्हापासून सुऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर पडल्या होत्या आणि मांस बाजारातून यंत्रावर बारीक होऊन येत होतं. गिऱ्हाईकं म्हणायची, चव उतरली. म्हणोत बापडी.

बुधवारी गाडी लवकर आवरून ती त्या बोळात गेली. बाई निघाली ठेंगणी, पिकल्या केसांची, पुढचा एक दात पडलेली. श्यूमानचा विरसच झाला. भांडायला निदान देखणी तरी हवी होती!

"या ताई. मनात राग नाही ना? रागावलेल्या अंगावर मी सुऱ्या चालवत नाही. तो माझ्याच हातांत चढतो."

"राग? छे! कुणावर?" श्यूमान दात आवळून म्हणाली.

बाईने तिला पालथं झोपवलं, अंगावर जाड कापड टाकलं आणि आधी लाकडी दांडक्याने पाठ ठोकून पाहिली. "खांद्यांचे दगड झालेत अगदी," ती पुटपुटली. मग सुऱ्या हलकेच पडायला लागल्या. श्यूमानने कान टवकारले आणि जीभ सोडली.

"पुरुषही येत असतील ना तुमच्याकडे?"

"येतात की. पालथं पडलं की तोंड कुणाला दिसत नाही. निवांत रडून घेतात."

"आणि रडून झाल्यावर?"

"झाल्यावर काय? तोंड धुतात, घरी जातात." बाई हसली. "तुमचं अंग काही सैल सुटत नाही बघा. थांबा, एक वेगळा ताल लावते. एका गिऱ्हाइकाने शिकवलाय."

खट. खटखट. खट. खटखट.

श्यूमानने झटकन मान उचलली. हा तर तिच्याच सुऱ्यांचा ताल! लहानपणी कापलेला तिचा डावा अंगठा वाकत नसे, म्हणून उजवी सुरी दोनदा पडेपर्यंत डावी एकदाच पडायची. सगळी गल्ली चेष्टा करायची, श्यूमानचा ताल लंगडा! आकाई त्याच तालावर वाडग्यावर काड्या वाजवत जेवण मागायचा.

"कुणी शिकवला हा?"

"नाव नाही सांगत मी कुणाचं. पण दर वेळी हाच मागतो बिचारा. म्हणतो, घरी आता हा ऐकू येत नाही, आणि मागायची छाती होत नाही."

श्यूमानने उशीत तोंड खुपसलं आणि ती ओक्साबोक्शी रडली. एवढे दिवस तिची पक्की खात्री होती, की त्या आवाजाचा वेनचीला तिच्याइतकाच तिटकारा असणार, आणि त्या आवाजाबरोबर तिचाही. बाईने हात थांबवला नाही.

गुरुवारी दुपारी वेनची इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी आला. एक बूट चढवला, दुसरा हातात घेतला, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला.

खट. खटखट.

तो तसाच एका बुटाने आत आला. श्यूमान ओट्याशी उभी होती. वर्तमानपत्राचा बोळा खाली पडला होता.

"फोन तेवढा तुमच्या खिशात ठेवा," ती मान वर न करता म्हणाली. "सुऱ्या चालू असल्या की मला ऐकू येत नाही."

वेनचीने फोन घेतला, पायातला बूट काढला आणि तिच्या पायांशी, गार फरशीवर, पालथा पडला.